रस्ता नसलेलं जंक्शन

या वेळी टपालाने माझी फजितीच केली. दोन अंकांमागे बोगद्यांवर प्रश्नोत्तरं झाली होती, त्यात ओघात मी लिहून गेलो की स्कॉटलंडमध्ये रिकार्टन जंक्शन नावाचं एक स्टेशन होतं ज्याला रस्ताच नव्हता. बस, एवढं एकच वाक्य. आणि मग बोगदे राहिले बाजूला, सगळे त्या एका वाक्याच्याच मागे लागले. म्हणून यंदा सगळं सदर त्या एका स्टेशनाला दिलंय. प्रश्न लांब होते ते थोडे कापलेत, राग मानू नका.

प्रश्न (सोलापूरहून एक काका): मुलीकडे एडिंबराला दोन महिने राहून आलो. आल्यावर तुमचं सदर वाचलं आणि नकाशा काढून बसलो तर तिथे नुसतं जंगल. आम्हाला जंक्शन म्हणजे मनमाड, भुसावळ, कुर्डुवाडी माहीत. गाडी बदलायला माणसं लागतात ना? मग जिथे गाव नाही, रस्ता नाही तिथे जंक्शन केलं कुणी आणि कशाला?

उत्तर: काका, तुम्ही बरोबर नेमकं तेच विचारलंत. जंक्शन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चहावाल्यांची बोंबाबोंब येते, पण रेल्वेच्या भाषेत जंक्शन म्हणजे दोन लाइनी जिथे मिळतात ती जागा, संपला विषय. तिथे माणूस राहतो की नुसत्या मेंढ्या चरतात याच्याशी त्या शब्दाला काही घेणंदेणं नाही. रिकार्टनला मेंढ्याच चरत होत्या.

झालं असं, की त्या काळात ब्रिटनमध्ये रेल्वे सरकारी नव्हती, खासगी कंपन्या होत्या आणि त्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असायच्या. एडिंबराच्या नॉर्थ ब्रिटिश रेल्वे कंपनीने १८४९ मध्ये दक्षिणेला हॉइकपर्यंत लाइन नेली. हॉइक म्हणजे लोकरी कापडाचं, होजियरीचं गाव, तिथवर ठीक होतं. पण कंपनीला इंग्लंडमध्ये शिरायचं होतं, म्हणून हॉइकच्या पुढे डोंगरातून कार्लाइलपर्यंत लाइन काढली, ती १ जुलै १८६२ ला पूर्ण सुरू झाली. एडिंबरा ते कार्लाइल हे सगळं अंतर साधारण १५८ किलोमीटर, आणि या मार्गाला नाव पडलं वेव्हर्ली रूट, सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून, कारण स्कॉट त्याच भागातला.

आता गंमत इथे आहे. त्याच दिवशी आणखी एक लाइन सुरू झाली, बॉर्डर काउंटीज नावाची. ती इंग्लंडातल्या हेक्सहॅमहून निघून उत्तरेकडे नॉर्थ टाइन नदीच्या काठाकाठाने कील्डरवरून यायची आणि डोंगर ओलांडून वेव्हर्ली लाइनला मिळायची, सुमारे ४२ मैल. मिळायची कुठे? तर डोंगरात जिथे उतार जमला तिथे. ती जागा म्हणजे रिकार्टन. हॉइकहून २१ किलोमीटर, कार्लाइलहून ५०-५२. कुणी गावकऱ्यांनी अर्ज केला नव्हता की आम्हाला स्टेशन द्या, कारण अर्ज करायला गावकरीच नव्हते!

मग ही दुसरी लाइन कशाला? मूळ प्रवर्तकांना प्लॅशेट्सच्या कोळशाची आशा होती, तिथे खाण होती आणि हॉइकच्या गिरण्यांना कोळसा लागायचाच. पण नॉर्थ ब्रिटिशचे चेअरमन रिचर्ड हॉजसन यांच्या डोक्यात कोळशापेक्षा न्यूकॅसल होतं. एडिंबरा ते न्यूकॅसल हा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा सरळ सोपा मार्ग होता पण बेरिकच्या पुढचा भाग नॉर्थ ईस्टर्न रेल्वे नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या मुठीत होता, तेव्हा हॉजसननी विचार केला की आपण मागच्या दाराने जाऊ, रिकार्टनवरून हेक्सहॅम आणि हेक्सहॅमवरून न्यूकॅसल. अडचण एकच, हेक्सहॅम ते न्यूकॅसल हा तुकडासुद्धा त्याच नॉर्थ ईस्टर्नच्या ताब्यात चालला होता. म्हणून सौदा झाला. तुम्ही आम्हाला हेक्सहॅमपासून न्यूकॅसलपर्यंत आमच्या गाड्या चालवू द्या, आम्ही तुम्हाला बेरिकपासून एडिंबरापर्यंत चालवू देतो.

काका, आता नकाशा परत काढा आणि बघा कुणाला काय मिळालं. नॉर्थ ईस्टर्नला लंडन-एडिंबराच्या खऱ्या राजमार्गावर थेट एडिंबरापर्यंत इंजिनं न्यायची मुभा, आणि नॉर्थ ब्रिटिशला डोंगरातली एकेरी, वळणावळणाची, वाटेत चार घरांची गावं असलेली लाइन. हिरा देऊन गारगोटी घेतली. त्या वाकड्या वाटेने एडिंबराहून न्यूकॅसलला कोण जाणार होतं? शहाणा माणूस कुणीच नाही. पुढे १८६६ मध्ये कंपनीच्या हिशेबातला घोळ बाहेर आला, डिव्हिडंड नफ्यातून नाही तर भांडवलातून वाटले जात होते असं निघालं, आणि हॉजसनना जावं लागलं. पण रूळ पडले होते, स्टेशन उभं राहिलं होतं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की रिकार्टन जंक्शन प्रवाशांसाठी झालंच नाही, दोन कंपन्यांच्या कुरघोडीत एका कंपनीने टाकलेला तो डाव होता, आणि डाव फसल्यावर पुढची शंभर वर्षं माणसं त्या डावात राहिली.

प्रश्न (एक वाचक, पुणे): न्यूकॅसल आणि न्यूकॅसलटन एकच ना? दोन्ही नावं मी वेगवेगळ्या ठिकाणी वाचली.

उत्तर: नाही हो! न्यूकॅसल हे इंग्लंडातलं कोळशाचं आणि जहाजांचं मोठं शहर. न्यूकॅसलटन हे रिकार्टनच्या दक्षिणेला १३ किलोमीटरवरचं स्कॉटलंडातलं लहानसं गाव. पुढे त्याची गोष्ट येणार आहे तेव्हा दोन्ही एक करू नका, नाहीतर सगळा गोंधळ होईल.

प्रश्न (दौंडहून एक ताई): माझे वडील रेल्वेत होते, लहानपण रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. बाबांची एकदा अशा स्टेशनावर बदली झाली होती जिथून बाजार चार कोसांवर, आई अजून त्या दोन वर्षांच्या आठवणीने कडाकडा बोटं मोडते. रस्ताच नाही म्हणजे मग त्या बायका भाजी, किराणा, डॉक्टर हे सगळं करायच्या कसं? तिथे राहणारे होते कोण?

उत्तर: ताई, सगळे प्रश्न पुरुषांनी विचारले आणि हा प्रश्न फक्त तुम्ही विचारलात, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

राहणारे कोण, तर सगळे रेल्वेचे. सांधेवाले, सिग्नल केबिनवाले, ड्रायव्हर, फायरमन, लाइनवर काम करणारी गँग, स्टेशनमास्तर आणि त्यांची बायकामुलं. दोन लाइनी मिळतात म्हटल्यावर सांधे बदलायला माणूस पाहिजे, इंजिन ठेवायला शेड पाहिजे, इंजिन ठेवलं की ते पेटवायला पहाटे कुणीतरी पाहिजे, आणि रोज एवढ्या माणसांनी यायचं कुठून, जवळचा रस्ता दोन मैलांवर, तोही डोंगरातला. म्हणून कंपनीने तिथेच घरं बांधली. तीस-पस्तीस घरं, भरात असताना शंभराच्या वर वस्ती. शेतकरी नाही, वाणी नाही, सुतार-लोहार नाही. गावात एकच धंदा आणि एकच मालक. तुमच्या क्वार्टर्सना निदान बाहेर एक गाव तरी असेल, इथे क्वार्टर्स म्हणजेच गाव.

किराण्याचं दुकान प्लॅटफॉर्मवर होतं! सहकारी भांडार म्हणा, हॉइकच्या सोसायटीचं. घरातून निघायचं, प्लॅटफॉर्मवर यायचं, पीठ-साखर घ्यायची आणि परत. पोस्टसुद्धा तिथेच, चहा-फराळाची खोलीही तिथेच, आणि थोडी घ्यायची असेल त्यांची सोयही तिथेच. आपल्याकडे चावडी, पार, देवळाचा ओटा असतो ना, त्या सगळ्याचं काम तिथे प्लॅटफॉर्म करायचा. शाळा गावात होती पण लहान मुलांची, मोठी झाली की रोज गाडीने दुसऱ्या गावाला. चर्च नव्हतं, म्हणजे रविवारी देवाला जायचं तरी गाडीनेच. डॉक्टर आणायचा तर गाडीने, आणि गाडीची वेळ नसली तर इंजिन पाठवून. विचार करा, घरात बाळंतपण आहे, बाहेर बर्फ पडतोय, आणि नवरा शेडमध्ये जाऊन विचारतोय की इंजिनात वाफ आहे का.

हे सगळं वाचताना आपल्याला फार रोमँटिक वगैरे वाटतं, मलाही आधी वाटलं होतं. पण तुमच्या आईचं बोटं मोडणं जास्त खरं आहे. शेजारीण म्हणजे नवऱ्याच्या साहेबाची बायको, भांडण झालं तरी तोंड चुकवायला दुसरी गल्ली नाही. घर कंपनीचं, त्यामुळे नोकरी गेली की छप्पर गेलं. आणि माळावरचा वारा, पाऊस, थंडी हे वरून. जी माणसं तिथे वाढली त्यांना मात्र त्या जागेबद्दल विलक्षण माया होती हेही खरंय, पण क्वार्टर्समध्ये वाढलेल्या माणसाला ते मी काय सांगणार.

रस्ता शेवटी आला, १९६३ मध्ये. तोसुद्धा गावासाठी नाही, जंगलखात्याने लाकडं नेण्यासाठी काढलेली कच्ची वाट. आणि १९६३ हे साल ताई लक्षात ठेवा, त्याच वर्षी दुसरंही काहीतरी आलं, ते खाली येतंय.

प्रश्न (इगतपुरीहून एक निवृत्त ड्रायव्हर): रिकार्टनची चढण ७५ ला १ होती असं वाचलं. आम्ही कसारा घाट ३७ ला १ असा उभा जन्म चढलो. ७५ ला १ ही काय चढण झाली का? तिथे बँकर, म्हणजे चढणीवर मदतीला लावायचं जादा इंजिन, कशाला लागत होता?

उत्तर: काका, तुमच्यासमोर घाटाच्या गोष्टी सांगणं म्हणजे पंढरपूरच्या माणसाला विठ्ठल दाखवणं. मान्य, थळ घाट आणि बोर घाट दोन्ही ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, त्याच्यापुढे हे निम्मंच आहे. पण दोन-तीन गोष्टी बघा.

एक तर लांबी. न्यूकॅसलटनपासून जी चढण सुरू होते ती जवळजवळ दहा मैल, मध्ये दम खायला सपाटी नाही म्हटलं तरी चालेल, रिकार्टन त्या चढणीच्या वरच्या टोकाकडे, आणि त्याच्याही पुढे व्हिटरोपचा माथा, समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर. तिथे व्हिटरोपचा बोगदा, १,२०८ यार्ड, म्हणजे ११०० मीटर. वळणं किती विचारू नका, कारण लाइन डोंगराच्या कुशीकुशीने नेलेली. वळणावर चाकं रुळाला घासतात आणि चढण कागदावर आहे त्याहून जास्त लागते हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरं म्हणजे हवा. सारखा भुरभुर पाऊस, धुकं, ओला रूळ, चाक नुसतं जागेवर फिरतंय. घाटातला पावसाळा आठवा, आणि तो पावसाळा बारा महिने धरा. हिवाळ्यात बर्फ.

आणि तिसरं, आपल्याकडे घाटात बँकर लावायचा हे मेन लाइनचं म्हणून सगळं मोठं, जंगी, १९३० पासून तर घाटात वीज. तिथे वाफेच्या इंजिनावर मालगाडी, पुढे एक आणि मदतीला रिकार्टनच्या शेडमधलं एक. खरं सांगायचं तर त्या शेडला काम होतं ते याच चढणीमुळे. हेक्सहॅमच्या लाइनीने गावाला जन्म दिला असेल पण पोटाला दिलं ते या चढणीने.

मालगाड्या तरी कुठून आल्या असं विचाराल. सुरुवातीला नव्हत्याच फारशा. कार्लाइलला नॉर्थ ब्रिटिशची कोंडी झालेली होती, तिथले मोठे खेळाडू लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न आणि कॅलेडोनियन, दोघांची युती, ते स्वतःचा माल ह्यांच्या हाती कशाला देतील? ही कोंडी फुटली १८७६ मध्ये. मिडलंड रेल्वेने सेटल ते कार्लाइल अशी स्वतःची डोंगरी लाइन प्रवाशांसाठी सुरू केली आणि तिला कार्लाइलच्या पुढे एडिंबराला जायला जोडीदार पाहिजे होता. मग लंडनच्या सेंट पॅन्क्रास स्टेशनापासून थेट एडिंबराच्या गाड्या वेव्हर्ली लाइनने जायला लागल्या, रात्रीच्या झोपायच्या डब्यांसकट. म्हणजे काय झालं बघा, ज्या स्टेशनाला रस्ता नाही त्याच्यासमोरून लंडनची गाडी जायची.

प्रश्न (एक कॉलेज विद्यार्थी, औरंगाबाद): सर मी इकॉनॉमिक्सचा आहे. लाइन तोट्यात होती, गाव रेल्वेच्याच नोकरांचं होतं, मग बंद केली तर बिघडलं काय? सगळे नुसते नॉस्टॅल्जियाने रडतात असं मला वाटतं. आणि ते बीचिंग म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे?

उत्तर: मित्रा, प्रश्न रोखठोक आहे आणि अर्धा बरोबरही आहे. त्यामुळे अर्ध्याला आधी हो म्हणतो.

हेक्सहॅमची लाइन बंद केली यात मला काही गैर दिसत नाही. १९४८ मध्ये सगळ्या कंपन्या सरकारजमा होऊन ब्रिटिश रेल्वे झाली होती. त्या लाइनीवर माणसं नव्हती, आधीही फार नव्हती, कोळशाची आशा कधीच विरली होती. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला असा प्रकार. १५ ऑक्टोबर १९५६ पासून प्रवासी गाड्या बंद झाल्या, दोन वर्षांनी मालगाड्याही. पण पाटीवर "जंक्शन" तसंच राहिलं! पुढची दहाएक वर्षं ते जंक्शन कशालाच जोडत नव्हतं, एक लाइन येत होती आणि तीच पुढे जात होती. पुढे शेडचीही गरज संपली. शेड गेली की ड्रायव्हर-फायरमन गेले, घरं रिकामी पडायला लागली.

आता बीचिंग. डॉक्टर रिचर्ड बीचिंग हे शिकलेले भौतिकशास्त्र, नोकरी आयसीआय या केमिकल कंपनीत, तिथून सरकारने त्यांना रेल्वेच्या प्रमुखपदी आणलं, वर्षाला २४,००० पौंड पगारावर. पंतप्रधानापेक्षा जास्त, त्यावरूनच केवढी बोंब झाली. त्यांचा रिपोर्ट आला मार्च १९६३ मध्ये. (ताई, हेच ते दुसरं.) त्यात सांगितलं की २,३६३ स्टेशनं आणि ५,००० मैल लाइन बंद करा. म्हणजे निम्म्याहून जास्त स्टेशनं. वेव्हर्ली लाइनही त्या यादीत होती, अख्खी, हॉइकसकट, गालाशील्ससकट.

आणि इथे माझं तुझ्याशी भांडण सुरू होतं. तोटा मोजताना काय मोजलं? लाइनीवर तिकिटं किती खपली आणि खर्च किती झाला. पण हॉइकच्या माणसाचं काय, गालाशील्सच्या गिरणीचं काय, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. रिकार्टन हे कंपनीच्या डावासाठी वसवलेलं गाव होतं, ते गेलं हे मी समजू शकतो. हॉइक कुणाच्या डावासाठी वसलेलं नव्हतं. सगळा सरहद्दीचा प्रदेश एका फटक्यात रेल्वेवाचून राहिला, एक स्टेशन नाही. तुला हा नॉस्टॅल्जिया वाटतो? मला तो चुकलेला हिशेब वाटतो.

लोक काही गप्प बसले नव्हते. हॉइकच्या मॅज एलियट या गृहिणीने सह्यांची मोहीम काढली, अकरा हजारांवर सह्या घेऊन डिसेंबर १९६८ मध्ये लंडनला पंतप्रधानांच्या दारात नेऊन दिल्या. उपयोग शून्य.

शेवटची रात्र ५ जानेवारी १९६९ ची. एडिंबराहून लंडनची रात्रीची स्लीपर निघाली, गाडीत त्या भागाचे तरुण खासदार डेव्हिड स्टील स्वतः बसलेले. हॉइकला शेकडो माणसं जमलेली, एक काळी शवपेटी तयार केलेली, तिच्यावर लाइनीचा जन्म १८४९ आणि मृत्यू १९६९, पत्ता वाहतूकमंत्र्यांचा, आणि ती त्याच गाडीत चढवली. गाडी उशिरा निघाली, डोंगर चढली, बोगदा ओलांडला, रिकार्टन मागे टाकलं, आणि न्यूकॅसलटनला (हेच ते लहान गाव) येते तो समोर लेव्हल क्रॉसिंगचं गेट बंद आणि गेटावर गाव उभं. मध्यरात्र उलटून गेलेली, थंडी, आणि माणसं हलायला तयार नाहीत. पुढे कोण, तर गावच्या चर्चचे रेव्हरंड ब्रायडन मेबन. पोलिसांनी त्यांना धरलं. आता धर्मगुरूलाच धरल्यावर लोक आणखी चिडले. शेवटी स्टील गाडीतून उतरले आणि मांडवली केली, की तुम्ही रेव्हरंडना सोडा, हे लोक गाडीला सोडतील. तसं झालं. गाडी दोन तास उशिराने कार्लाइलला पोहोचली, आणि त्यानंतर त्या लाइनीवरून दुसरी प्रवासी गाडी गेली नाही. हे स्टील पुढे लिबरल पक्षाचे नेते झाले आणि १९९९ मध्ये स्कॉटलंडची संसद परत भरली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष.

आणि इकॉनॉमिक्सवाल्या मित्रा, तुझ्या विषयातली गोष्ट शेवटी ठेवलीय. ६ सप्टेंबर २०१५ ला त्याच वेव्हर्ली लाइनीचा एडिंबरा ते ट्वीडबँक हा तुकडा, त्यातल्या साधारण ४९ किलोमीटरवर नव्याने रूळ टाकून, परत सुरू केला. तीन दिवसांनी राणी एलिझाबेथने रीतसर उद्घाटन केलं, आणि तो दिवस कोणता, तर व्हिक्टोरिया राणीचा सगळ्यात लांब कारकिर्दीचा विक्रम ज्या दिवशी मोडला तो. शेहेचाळीस वर्षांनी परत पैसे घालून तीच लाइन! रूळ काढायला खर्च, पूल पाडायला खर्च, परत बांधायला खर्च. आणि ज्या सेटल-कार्लाइल लाइनीचा वर उल्लेख आला, तीही बंद करायला निघाले होते, पण लोकांनी इतका आरडाओरडा केला की १९८९ मध्ये सरकारने माघार घेतली आणि आज तिच्यावर पर्यटक मावत नाहीत. या दोन लाइनींची तुलना कर आणि तुझ्या प्रोजेक्टला घे, फुकट विषय देतोय.

प्रश्न (एक वाचक, रत्नागिरी): हेक्सहॅमच्या लाइनीचं पुढे काय झालं? रूळ अजून आहेत का?

उत्तर: रूळ नाहीत. आणि काही भाग तर पाण्याखाली आहे. नॉर्थ टाइनच्या खोऱ्यात कील्डरचं धरण झालं, १९८२ मध्ये त्याचं उद्घाटन, पाणी साठवण्याच्या हिशेबाने ब्रिटनमधला सगळ्यात मोठा मानवनिर्मित तलाव. कोळशाच्या त्या प्लॅशेट्सचं स्टेशन त्यात बुडालं, लाइनीचा रस्ताही बुडाला. कोयनेचं पाणी बघितलेल्या माणसाला हे जास्त सांगायची गरज नाही. कील्डरचा दगडी कमानींचा रेल्वेपूल मात्र उभा आहे, त्याच्यावरून आता चालत जाता येतं.

प्रश्न (सोलापूरचेच काका, दुसऱ्या पोस्टकार्डावर): पुढच्या उन्हाळ्यात परत जाणार आहे. रिकार्टनला बघण्यासारखं काही उरलंय का, की जाऊन पस्तावायचं?

उत्तर: काका, पस्तावणं तुमच्या अपेक्षेवर आहे. घरांच्या ओळी गेल्या. स्टेशनमास्तरचं घर आणि शाळेची इमारत राहिली. स्वयंसेवकांनी मध्ये काही वर्षं खपून प्लॅटफॉर्म साफ केला, थोडेसे रूळही टाकले, पाटी उभी केली. बाकी सगळीकडे जंगलखात्याने लावलेली स्प्रूसची झाडं, एका रांगेत, एका उंचीची, आपल्या निलगिरीच्या लागवडीसारखी. नकाशात तुम्हाला जे जंगल दिसलं ना, ते जुनं जंगल नव्हेच, स्टेशन भरात होतं तेव्हा तिथे उघडा माळ होता. म्हणजे स्टेशन जंगलात बांधलं नाही, स्टेशनभोवती जंगल नंतर आलं.

जायचं कसं ते सांगतो. एडिंबराहून ट्वीडबँकपर्यंत गाडी आहे, ती नक्की धरा, त्या लाइनीचा जिवंत तुकडा तोच. पुढे हॉइकपर्यंत बस. हॉइकच्या पुढे जावईबापूंची गाडी लागेल. व्हिटरोपला जुन्या लाइनीच्या प्रेमींनी छोटासा रुळांचा तुकडा आणि थोडे डबे जपलेत, आधी ते बघा, बोगद्याचं तोंड तिथून जवळ आहे पण आत शिरू नका, धोक्याचं आहे. मग जंगलातल्या वाटेने पायी. चपला नकोत, बूट घाला, चिखल असतोच. आणि डबा बरोबर न्या, प्लॅटफॉर्मवरचं दुकान बंद होऊन पन्नास वर्षं उलटली.

पुढच्या अंकात राहिलेले बोगदे. या वेळी ओघात एकही नवीन नाव घेणार नाही असं संपादकांना लेखी दिलंय.